सरकारी वकील नक्की कुणाचा?

डिसेंबर २०१३मध्ये आपल्याकडच्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर एक अनोळखी नाव रोज झळकू लागले : प्रीत भरारा. न्यूयॉर्कमधील भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना १२ डिसेंबरला अटक झाली होती. खोब्रागडे महाराष्ट्राच्या, त्यामुळे मराठी वाचकाला ती बातमी घरातली वाटत होती. आमच्या तालुक्याच्या कोर्टाच्या बाररूममध्ये चहाबरोबर एकच विषय होता. पंजाबात जन्मलेला माणूस भारताच्याच अधिकाऱ्यावर खटला कसा भरतो, असे जो तो तावातावाने विचारत होता.

मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. आयुष्यभर सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे लोकांच्या भाषेत छोट्या कोर्टातला सरकारी वकील, म्हणून काम केलेले. मला पडलेला प्रश्न वेगळा होता. अटकेच्या बातमीत पोलीस अधिकाऱ्याचे नाव का नाही? प्रत्येक निवेदन सरकारी वकिलाच्या नावाने का? आपल्याकडे पोलीस तपास करतात, दोषारोपपत्र दाखल करतात आणि मग ती फाइल आमच्या टेबलावर येते. पंचनामा कच्चा असो, साक्षीदार फितूर होणारा असो, आहे तो माल घेऊन आम्ही उभे राहतो. तिकडचा हा सरकारी वकील मात्र सगळ्याच्या अग्रभागी दिसत होता. त्या कुतूहलापोटी मी वाचायला लागलो आणि गेली काही वर्षे ते वाचन थांबलेले नाही. त्याला आणखी एक खासगी कारण आहे, ते शेवटी सांगतो.

आधी हे पद समजून घेऊ. अमेरिकेत फौजदारी खटले दोन पातळ्यांवर चालतात. खून, चोरी, मारामारी हे बहुतेक गुन्हे राज्यांच्या कायद्याखाली येतात आणि ते ‘डिस्ट्रिक्ट ॲटर्नी’ चालवतो. बहुतेक राज्यांत तो चक्क मतदानाने निवडून येतो. केंद्राच्या कायद्याखालचे गुन्हे, उदाहरणार्थ शेअरबाजारातील लबाडी, मोठा भ्रष्टाचार, दहशतवाद, व्हिसासाठी खोटी माहिती, हे ‘युनायटेड स्टेट्स ॲटर्नी’ पाहतो. हा केंद्राचा सरकारी वकील. सारा देश ९४ न्यायिक जिल्ह्यांत वाटलेला आहे आणि असे वकील ९३ आहेत, कारण ग्वाम आणि उत्तर मारियाना बेटे यांना मिळून एकच आहे. पद जुने आहे. १७८९च्या न्यायव्यवस्था कायद्यात प्रत्येक जिल्ह्यासाठी कायद्याचे ज्ञान असलेला एक लायक माणूस नेमावा, अशी तरतूद झाली. नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात आणि तिला सेनेटची संमती लागते.

या वकिलाची ताकद त्याच्या भाषणात नसून त्याच्या निवडीत आहे. एफबीआय किंवा अन्य यंत्रणा तपास करतात, पण सुरुवातीपासून त्याचे कार्यालय त्यांच्याबरोबर बसते. कोणाचे फोन ऐकण्यासाठी न्यायाधीशाकडे परवानगी मागायची, कोणाला माफीचा साक्षीदार करायचे, कोणते कलम लावायचे आणि कोणाला सोडून द्यायचे, हे तिथे ठरते. गंभीर गुन्ह्यासाठी ‘ग्रँड ज्युरी’ची मंजुरी लागते. त्यात १६ ते २३ सामान्य नागरिक असतात आणि आरोप ठेवायला किमान १२ जणांची संमती हवी. पण त्या बंद खोलीत न्यायाधीश नसतो, आरोपीचा वकीलही नसतो. पुरावा मांडणारा सरकारी वकील तेवढा असतो. शिवाय केंद्रीय न्यायालयांत दोषी ठरणाऱ्या दहा आरोपींपैकी नऊहून अधिक जण खटला न लढवताच गुन्हा कबूल करतात. म्हणजे बहुतेकांचे भवितव्य कोर्टात नव्हे, तर या वकिलाच्या कार्यालयातल्या वाटाघाटीत ठरते.

पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले रॉबर्ट जॅक्सन १९४०मध्ये ॲटर्नी जनरल होते. त्या वर्षी देशभरातल्या या वकिलांसमोर त्यांनी एक भाषण केले. माणसाचे आयुष्य, स्वातंत्र्य आणि अब्रू यांवर सरकारी वकिलाइतकी सत्ता अमेरिकेत दुसऱ्या कोणाचीही नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांचा इशारा असा होता : कायद्याची पुस्तके इतकी जाडजूड आहेत की कोणाविरुद्धही काहीतरी सापडतेच; म्हणून आधी माणूस निवडून मग त्याचा गुन्हा शोधणे, हा या पदाचा सर्वांत मोठा धोका आहे. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो होतो.

भरारा ज्या कार्यालयाचे प्रमुख होते, ते न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याचे. मॅनहॅटन, ब्राँक्स आणि त्यांच्या उत्तरेकडच्या सहा काउंट्या एवढा त्याचा इलाखा. वॉल स्ट्रीट त्यातच येतो, म्हणून या कार्यालयाचा दरारा इतरांहून मोठा. दोनशेहून अधिक सहायक वकील तिथे काम करतात. पक्षाची माणसे भरण्याऐवजी हुशार तरुण वकील निवडण्याची परंपरा हेन्री स्टिमसन यांनी १९०६ ते १९०९ या काळात इथे रुजवली. त्या तरुणांपैकी एक होते फेलिक्स फ्रँकफर्टर, जे पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. वॉशिंग्टनच्या मुख्यालयाचेही न ऐकणारे कार्यालय म्हणून त्याला गमतीने ‘सार्वभौम जिल्हा’ म्हणतात.

प्रीत भरारा यांचा जन्म १९६८मध्ये फिरोजपूरचा. वडील डॉक्टर. लहानपणीच कुटुंब अमेरिकेला गेले आणि न्यू जर्सीत स्थिरावले. हार्वर्डची पदवी, कोलंबिया विद्यापीठातून कायदा, काही वर्षे खासगी वकिली आणि २०००मध्ये याच कार्यालयात सहायक वकील. २००५मध्ये ते सेनेटर चक शूमर यांचे कायदेविषयक सल्लागार झाले. त्यांच्या पुढच्या कारकिर्दीचा अर्थ लावायचा, तर ही मधली चार वर्षे नीट पाहायला हवीत.

डिसेंबर २००६मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या सरकारने एकाच दिवशी सात यू.एस. ॲटर्नींना पायउतार व्हायला सांगितले. सगळे बुश यांनीच नेमलेले. त्यात सॅन डिएगोच्या कॅरल लॅम होत्या. त्यांच्या कार्यालयाने सत्ताधारी पक्षाच्याच एका खासदाराला लाचखोरीत तुरुंगात धाडले होते. न्यू मेक्सिकोचे डेव्हिड इग्लेसियस होते. निवडणुकीच्या तोंडावर आपल्याच पक्षाच्या दोन लोकप्रतिनिधींनी फोन करून एका भ्रष्टाचार प्रकरणाची चौकशी कुठवर आली असे विचारले, हे त्यांनी नंतर शपथेवर सांगितले. सेनेटच्या न्यायविषयक समितीने चौकशी आरंभली. त्या चौकशीचे बरेचसे काम करणाऱ्यांमध्ये प्रीत भरारा होते. ऑगस्ट २००७मध्ये ॲटर्नी जनरल अल्बर्टो गोन्झालेस यांनी राजीनामा जाहीर केला.

या प्रकरणाने एक जुना प्रश्न पुन्हा पुढे आणला. कायद्यात या वकिलाची मुदत चार वर्षांची लिहिली आहे. मुदत संपल्यावरही उत्तराधिकारी येईपर्यंत तो काम करू शकतो. पण त्याच कलमात पुढे छोटेसे वाक्य आहे : राष्ट्राध्यक्ष त्याला काढू शकतात. कारण द्यायचे बंधन नाही. अलाबामातल्या पार्सन्स नावाच्या वकिलाने १८९३मध्ये चार वर्षे पुरी होण्याआधी खुर्ची सोडायला नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८९७मध्ये निकाल लागला की चार वर्षे ही कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे. नवा राष्ट्राध्यक्ष आला की जुन्या पक्षाने नेमलेले वकील बदलतो, हेही रूढ आहे. क्लिंटन यांच्या सरकारने १९९३मध्ये जवळजवळ सगळ्यांचे राजीनामे एकदम मागितले होते. मग बुश यांचे चुकले काय? तर काढण्याचा अधिकार होता, पण चालू चौकशी दाबण्यासाठी तो वापरला जात असेल, तर ती वेगळी गोष्ट. अधिकार तोच, हेतू वेगळा. आणि हेतू सिद्ध करणे किती अवघड असते, हे फौजदारी वकिलाला वेगळे सांगायला नको.

ऑगस्ट २००९मध्ये ओबामा यांच्या शिफारशीवर सेनेटने एकमताने भरारा यांना संमती दिली. ते पदावर राहिले सात वर्षे सात महिने.

पहिला दणका हेज फंडांना बसला. गॅलियनचे राज राजरत्नम यांना ऑक्टोबर २००९मध्ये अटक झाली. कंपन्यांच्या आतल्या बातम्या आधी मिळवून शेअर घ्यायचे-विकायचे, हा आरोप. माफियांसाठी वापरले जाणारे फोन-टॅपिंग इथे पांढरपेशा गुन्ह्यासाठी वापरले गेले आणि आरोपीचा स्वतःचा आवाज ज्युरीला ऐकवला गेला. २०११मध्ये राजरत्नम यांना ११ वर्षांची शिक्षा झाली. मॅकिन्झीचे माजी प्रमुख आणि गोल्डमन सॅक्सच्या संचालक मंडळाचे सदस्य राहिलेले रजत गुप्ता २०१२मध्ये दोषी ठरले, त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. अशा प्रकरणांत ऐंशीहून अधिक आरोपी ओळीने दोषी ठरले. फेब्रुवारी २०१२मध्ये ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर भरारा यांचे छायाचित्र आले. मग ते राजकारण्यांकडे वळले. न्यूयॉर्क विधानसभेचे अध्यक्ष शेल्डन सिल्व्हर हे डेमोक्रॅट आणि राज्य सेनेटचे नेते डीन स्केलोस हे रिपब्लिकन. दोघेही २०१५च्या अखेरीस दोन आठवड्यांच्या आत दोषी ठरले. भरारा यांना नेमणारा पक्ष डेमोक्रॅटिक होता, हे लक्षात घेतले तर सिल्व्हर यांच्यावरील खटल्याचे मोल कळते.

पण मी सरकारी वकील होतो, त्यामुळे हरलेल्या बाजूकडेही पाहण्याची सवय आहे. डिसेंबर २०१४मध्ये अपील न्यायालयाने आतल्या बातम्यांच्या एका प्रकरणातील दोघांच्या शिक्षा रद्द केल्या आणि सरकारने कायद्याचा अर्थ फार ताणला, असा निष्कर्ष काढला. पुढे भरारा यांना आणखी काही आरोप मागे घ्यावे लागले. सिल्व्हर आणि स्केलोस यांच्या शिक्षाही २०१७मध्ये रद्द झाल्या, कारण दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने लाचखोरीची व्याख्या आवळली होती. २०१८च्या फेरखटल्यांत दोघे पुन्हा दोषी ठरले. सिल्व्हर यांच्या अटकेनंतर भरारा यांनी दिलेल्या भाषणांवर आणि मुलाखतींवर न्यायाधीश व्हॅलरी कॅप्रोनी यांनी लेखी नाराजी व्यक्त केली. आरोप रद्द केले नाहीत, पण सरकारी वकिलाने प्रसिद्धीच्या कडेवर किती चालावे याची आठवण करून दिली. २००८च्या आर्थिक कोसळीला जबाबदार असलेल्या मोठ्या बँकांचे उच्चपदस्थ मोकळेच राहिले, ही टीका न्यायाधीश जेड रॅकॉफ यांनी साऱ्या केंद्रीय व्यवस्थेवरच केली. भरारा यांच्या इलाख्यातच वॉल स्ट्रीट असल्यामुळे तिची झळ त्यांनाही लागली. कोणावर खटला भरला याचा हिशेब सहज होतो. कोणावर भरला नाही, त्याची नोंद कोणत्याच रजिस्टरमध्ये नसते.

खोब्रागडे प्रकरण याच काळातले. आरोप असा होता की घरकामासाठी नेलेल्या बाईंच्या व्हिसा अर्जात ताशी ९.७५ डॉलर पगार दाखवला आणि प्रत्यक्षात वेगळ्या कराराने महिना ३० हजार रुपये ठरवले. खोब्रागडे यांनी आरोप नाकारले. अटकेनंतर मार्शलांच्या कोठडीत त्यांची कपडे उतरवून झडती झाली, त्यावर भारतात संताप उसळला. दिल्लीतील अमेरिकी दूतावासाबाहेरचे सुरक्षा कठडे हटवले गेले. भरारा यांनी निवेदन काढून उलट विचारले, की एवढा कळवळा त्या घरकाम करणाऱ्या बाईंविषयी का नाही? बाररूममध्ये या वाक्यावर फार चिडचिड झाली. मला ते वाक्य टोचले, पण खोटे वाटले नाही. त्याच वेळी असेही वाटले, की आरोपीच्या अपमानाला उत्तर म्हणून सरकारी वकिलाने फिर्यादीची ढाल पुढे करू नये. पुढे १२ मार्च २०१४ला न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी, आरोप ठेवले त्या दिवशी खोब्रागडे यांना पूर्ण राजनैतिक संरक्षण होते, या कारणावरून खटला रद्द केला. दोनच दिवसांत भरारा यांच्या कार्यालयाने नव्याने आरोप ठेवले. तोवर खोब्रागडे भारतात परतल्या होत्या. खटला चालला नाही, त्यामुळे खरेखोटे कोर्टात कधी ठरलेच नाही.

नोव्हेंबर २०१६मध्ये डोनाल्ड ट्रम्प निवडून आले. महिनाअखेरीस त्यांनी भरारा यांना ट्रम्प टॉवरमध्ये बोलावले. पदावर राहा असे आपल्याला सांगण्यात आले आणि आपण होकार दिला, असे भरारा यांनी बाहेर आल्यावर पत्रकारांना सांगितले. ९ मार्च २०१७ला राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातून त्यांना फोन आला, परत फोन करण्याचा निरोप होता. ज्याच्या इलाख्यात राष्ट्राध्यक्षांचे उद्योगधंदे आहेत, अशा वकिलाने त्यांच्याशी परस्पर बोलणे बरे नव्हे, असे ठरवून भरारा यांनी ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाला कळवले आणि फोन केला नाही. त्यानंतर सुमारे २२ तासांनी, ओबामांच्या काळातील उरलेल्या ४६ वकिलांकडे राजीनामे मागण्यात आले. त्यांत भरारा होते. त्यांनी राजीनामा दिला नाही. ११ मार्चला त्यांना काढून टाकण्यात आले.

दहा वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या बडतर्फीची चौकशी करणारा माणूस स्वतः बडतर्फ झाला. त्या फोनचा आणि बडतर्फीचा संबंध होता का? तसे सिद्ध झालेले नाही. कायद्याने राष्ट्राध्यक्षांना पूर्ण अधिकार होता, हे भरारा यांनीही कधी नाकारले नाही. मग राजीनामा देऊन मोकळे का झाले नाहीत? मी यावर बराच विचार केला. राजीनाम्यात ‘माझ्या इच्छेने’ असा अर्थ दडलेला असतो. बडतर्फीवर काढणाऱ्याची सही लागते. ज्याचा निर्णय, त्याच्या नावावर तो लिहिला जावा, एवढीच त्यांची मागणी असावी असे मला वाटते.

पुढेही या खुर्चीभोवती तेच घडत राहिले. बुश यांच्या काळातील गोंधळानंतर २००७मध्ये कायदा पूर्ववत झाला होता : ॲटर्नी जनरलने नेमलेल्या हंगामी वकिलाची मुदत १२० दिवस, नंतर जिल्ह्याचे न्यायाधीश नेमणूक करू शकतात. जेफ्री बर्मन २०१८मध्ये असेच न्यायाधीशांनी नेमलेले. १९ जून २०२०ला ॲटर्नी जनरल विल्यम बार यांनी ‘बर्मन पद सोडत आहेत’ असे जाहीर केले. बर्मन यांनी त्याच रात्री कळवले, की मी राजीनामा दिलेला नाही. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनीच काढल्याचे पत्र आले. बाहेरचा माणूस न आणता आपल्याच उपप्रमुख ऑड्री स्ट्रॉस कार्यभार घेतील हे नक्की झाल्यावर बर्मन बाहेर पडले.

फेब्रुवारी २०२५मध्ये त्या खुर्चीवर हंगामी म्हणून डॅनिएल सासून होत्या. न्यूयॉर्कचे महापौर एरिक ॲडम्स यांच्यावरील भ्रष्टाचाराचा खटला मागे घ्या, असा वॉशिंग्टनहून आदेश आला. ॲडम्स यांनी आरोप नाकारले होते. आदेशात पुराव्याच्या बळाचा विचार केलेलाच नव्हता. महापौरांना स्थलांतरितांविरुद्धच्या मोहिमेत सरकारला मदत करता यावी, हे एक कारण दिले होते. सासून या पुराणमतवादी न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांच्या हाताखाली काम केलेल्या, म्हणजे विरोधी पक्षाच्या म्हणून त्यांना बाजूला सारता येत नव्हते. त्यांनी पत्र लिहून नकार कळवला आणि १३ फेब्रुवारीला राजीनामा दिला. त्यांच्यापाठोपाठ इतरही काही वकील बाहेर पडले. तिकडच्या नियमाप्रमाणे खटला मागे घ्यायला न्यायालयाची परवानगी लागते. पण न्यायाधीश सरकारला खटला चालवायला भाग पाडू शकत नाही. २ एप्रिलला न्यायाधीश डेल हो यांनी खटला बंद केला, मात्र पुन्हा कधीही उघडता येणार नाही असा. महापौरांच्या डोक्यावर टांगती तलवार ठेवून त्यांच्याकडून हवे ते करून घेण्याची सोय तेवढी त्यांनी काढून घेतली.

आता ते खासगी कारण. आपल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३२१ हे कलम होते. आज ते नव्या संहितेत ३६० म्हणून आहे. न्यायालयाच्या संमतीने सरकारी वकील खटला मागे घेऊ शकतो. सरकार सुचवू शकते, पण निर्णय वकिलाने स्वतःच्या बुद्धीने करायचा, असे न्यायालयांनी वारंवार बजावले आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस माझ्या टेबलावर असाच एक कागद आला. एका बंदमध्ये एसटीवर दगडफेक झाली होती, चालकाच्या डोळ्याला इजा झाली होती. आरोपींपैकी दोघे तोवर मोठे झाले होते. पुरावा चांगला होता, चालकाने दोघांना ओळखले होते. वरून आलेल्या पत्राला अर्जाचा मसुदाही जोडलेला होता, ‘व्यापक सार्वजनिक हितासाठी’ हे शब्द आयते टाइप केलेले. मी दोन दिवस तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. तिसऱ्या दिवशी सही केली. कोर्टाने पाच ओळींत परवानगी दिली.

चालक त्या तारखेला साक्षीसाठी आला होता, खाकी गणवेशात. मी त्याला खटला संपल्याचे सांगितले. त्याने वाद घातला नाही. “साहेब, मग पुढच्या तारखेला रजा टाकायला नको ना?” एवढेच विचारले.

मला कोणी धमकी दिली नव्हती. बदलीची भीती होती, मुलीची दहावी होती, एवढेच. सासून यांच्या पत्राबद्दल वाचताना मला माझा तो दोन दिवसांचा ड्रॉवर आठवला. सरकारी वकिलाला निवडून आलेल्या सरकारपासून पूर्ण मोकळे करणे हाही उपाय नव्हे. जॅक्सन यांनी वर्णिलेली एवढी सत्ता कोणालाही उत्तर न देणाऱ्या माणसाच्या हाती देणे आणखी भयंकर. म्हणून काढण्याचा अधिकार कोणाकडे तरी हवाच. कायदा मुदत लिहू शकतो, संमतीची अट घालू शकतो, न्यायाधीशाची सही मागू शकतो. पण वरून आलेल्या कागदावर पहिली सही सरकारी वकिलाचीच लागते, तिकडेही आणि इकडेही. ती करायची नसेल, तर खुर्ची जाईल हे धरून चालावे लागते. भरारा, बर्मन, सासून यांची खुर्ची गेली. माझी राहिली, आणि मी तिच्यावरून पूर्ण पेन्शन घेऊन निवृत्त झालो.